भीतीची आठवण, औषध आणि तवक्कुल

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी असरच्या नमाजनंतर आमच्या मशिदीतील एक ज्येष्ठ नमाजी माझ्यापाशी येऊन बसले. वय साठीच्या आसपास. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी गोळ्यांच्या दोन पट्ट्या काढून सतरंजीवर ठेवल्या आणि हलक्या आवाजात विचारले, "मौलाना, डॉक्टर म्हणतात, ही गोळी घेतली की भीती कमी होईल. पण भीती गोळीने गेली, तर माझ्या तवक्कुलचे काय? अल्लाहवर खरा भरवसा असता, तर गोळी लागली असती का?"

आदरणीय वाचकहो, मी त्यांना तात्काळ उत्तर दिले नाही. याच गृहस्थांना काही वर्षांपूर्वी मी एक उत्तर तत्परतेने दिले होते, आणि ते चुकले होते. त्या चुकीचा हिशेब माझ्याकडे आहे, म्हणून आज हा विषय आपल्यापुढे मांडत आहे.

२१ नोव्हेंबर २००३ हा पवित्र रमजानचा अखेरचा जुमा होता. त्या दिवशी परभणीच्या मुहम्मदिया मशिदीत बॉम्बस्फोट झाला आणि तीसहून अधिक नमाजी जखमी झाले. पुढच्याच वर्षी, २७ ऑगस्ट २००४ रोजी, पुन्हा जुम्याच्याच दिवशी जालन्याची कादरिया मशीद आणि आपल्या जिल्ह्यातील पूर्णा येथील मदरसा व मशीद यांवर तसाच प्रसंग आला. खटले वर्षानुवर्षे चालले. परभणीच्या प्रकरणातील आरोपी अखेरीस निर्दोष सुटले. ते कृत्य कोणी केले, हे या शहराला आजही ठाऊक नाही. मी तेव्हा शाळकरी वयाचा होतो. हे गृहस्थ त्या दिवशी मशिदीत होते. त्यांच्या अंगावर मोठी जखम नाही. परंतु मोटारसायकलचा सायलेन्सर फुटल्यासारखा वाजला, की त्यांच्या हाताची तसबीह खाली पडते. इतर दिवशी ते जमाअतला येतात, जुम्याला मात्र अर्ध्या खुत्ब्यातून उठून बाहेर जातात.

मी नवा इमाम होतो, तेव्हा त्यांनी ही व्यथा प्रथम मला सांगितली. मी त्यांना सूरह आलि इम्रानमधील तो आदेश ऐकवला, ज्यात सैतान आपल्या साथीदारांचे भय घालतो, त्यांना भिऊ नका, मला भ्या, असे अल्लाह फर्मावितो. अल्लाहखेरीज अन्य कशाचेही भय ही ईमानाची दुर्बलता आहे, असे मी त्यांना सांगून टाकले. परिणाम असा झाला, की पुढचे कित्येक महिने ते जुम्याला आलेच नाहीत. आधी त्यांना आवाजाची भीती होती. आता त्यात आपल्या ईमानाविषयीच्या शंकेची भर पडली, आणि ती भर मी घातली होती.

माझी चूक कोठे झाली? ज्या भयाविषयी ती आयत आहे, ते भय माणसाला सत्यापासून परावृत्त करते आणि अन्यायापुढे झुकविते. दचकणे, घाम फुटणे, हृदय धडधडणे हे त्या भयात मोडत नाही. आपले आलिम त्याला तबई खौफ, म्हणजे स्वभावगत भय म्हणतात आणि त्यावर दोष ठेवीत नाहीत. दोष ठेवला असता, तर प्रेषितांवरच ठेवावा लागला असता. प्रेषित मूसा (अ.) यांच्या भयाचा उल्लेख पवित्र कुरआन किती वेळा करतो, हे एकदा मोजून पाहा. ते शहरातून भयभीत होऊन, मागे-पुढे पाहत निघाले. त्यांच्या काठीचा साप झाला, तेव्हा ते पाठ फिरवून पळाले आणि मागे वळूनही त्यांनी पाहिले नाही. फिरऔनकडे जाण्याचा आदेश मिळाला, तेव्हा ते मला ठार करतील अशी भीती वाटते, हे त्यांनी अल्लाहलाच सांगितले. आणि आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) पहिल्या वह्यीनंतर हिराच्या गुहेतून थरथरत घरी आले आणि मला पांघरूण घाला, असे म्हणाले. माता खदीजा (रजि.) यांनी त्या थरथरण्यावर प्रवचन दिले नाही. आधी पांघरूण घातले. भीती ओसरल्यावर त्यांच्या सद्गुणांची आठवण देऊन धीर दिला, आणि मग जाणत्या माणसाकडे, वरका बिन नौफल यांच्याकडे, त्या त्यांना घेऊन गेल्या. पांघरूण, धीर आणि जाणकार. हा क्रम मला मदरशात बुखारी शरीफच्या पहिल्याच धड्यांत शिकविला गेला होता. त्याचा अर्थ मात्र मला त्या गृहस्थांनी शिकविला.

भीती मनात राहते कशी, आणि क्षीण होते कशी, हेही थोडे पाहू. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्ने सीना यांनी आत्म्याविषयीच्या ग्रंथात नोंदविले आहे, की कुत्र्याला एकदा काठीचा वा ढेकळाचा मार बसला, की पुढे नुसती काठी दिसली तरी ते घाबरते. वेदना आणि वस्तू यांची मनात गाठ बसते. गेल्या शतकात रशियाच्या पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून अशा गाठींचे नियम शोधले. त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. ज्या खुणेमागून नेहमी एखादी गोष्ट येत असे, ती खूण वारंवार दिली आणि मागून काहीच आले नाही, तर प्रतिसाद हळूहळू मावळतो. परंतु काही काळ जाऊ दिला आणि तीच खूण पुन्हा दिली, तर तो पुन्हा डोके वर काढतो. याचा अर्थ जुनी गाठ सुटलेली नसते. तिच्यावर एक नवी गाठ बसलेली असते. 'हा आवाज म्हणजे धोका' ही जुनी शिकवण तशीच राहते आणि 'हा आवाज आला, तरी काही होत नाही' ही नवी शिकवण तिला दाबून धरते. मेंदूत बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा भाग आहे. तो भीतीचा पहारेकरी आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग त्याला आवर घालतो, आणि स्थळ-काळाची आठवण ठेवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग कोठे भ्यायचे व कोठे नाही, हे सांगतो.

आपल्या मराठवाड्याने हे अनुभवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या घरांखाली हजारो लोक गेले. आमच्या वडिलांच्या पिढीतील कित्येक जण त्यानंतर माळवदाखाली झोपेनात. थंडीतही बाजा अंगणात असत. मग हळूहळू लोक घरात परतले आणि भीती संपली, असे सर्वांना वाटले. १० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला धक्का परभणी-नांदेडपर्यंत जाणवला. आमच्या गल्लीत सर्वांत आधी बाहेर धावले ते वृद्ध. तरुण मुले पंख्याकडे पाहत उभी होती. एकतीस वर्षे शांत पडून असलेली आठवण एका क्षणात उठून उभी राहिली होती.

मी कुरआनात विज्ञानाचे पाठ शोधणाऱ्यांपैकी नाही. आज एक सिद्धांत आयतीला चिकटवायचा आणि उद्या तो बदलला की संकोचायचे, हे मला रुचत नाही. तरीही प्रेषित मूसा (अ.) यांच्या कथेतील एक गोष्ट सांगावीशी वाटते. तुवाच्या खोऱ्यात, जेथे फिरऔन नव्हता, शिपाई नव्हते, तेथेच अल्लाहने त्यांना तो साप हाताने उचलायला लावला. भिऊ नकोस, असा दिलासा दिला. परंतु उचलायचा त्यांनीच. हा पहिला धडा सुरक्षित जागी झाला. पुढे मिस्रमध्ये भर मैदानात जादूगारांच्या दोऱ्या वळवळू लागल्या, तेव्हा सूरह ताहा सांगते, की त्यांच्या मनात पुन्हा भय दाटले. तेव्हा एकदा शिकविले होते, आता का भितोस, असे अल्लाहने विचारले नाही. पुन्हा नव्याने दिलासा दिला. जागा बदलली की भीती परत येते आणि धीरही परत द्यावा लागतो.

आता तणावाविषयी. नवी शिकवण बसण्यासाठी कपाळामागचा भाग शांतपणे काम करीत असावा लागतो. तीव्र तणावात नेमका तोच भाग मंदावतो आणि पहारेकरी मोकाट सुटतो. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले आहे, की भीती बसल्यावर लगोलग ती मोडण्याचा प्रयत्न केला, तर तो बहुधा टिकत नाही. माणसांच्या बाबतीतही संकटानंतर त्याच संध्याकाळी बसवून सारे सांगायला लावण्याचा उपाय फायद्याचा ठरला नाही. जागतिक आरोग्य संघटना तो करू नये असेच सांगते. आपल्याकडे मात्र अपघात झाला, दंगल झाली, की भेटायला येणारा प्रत्येक जण "कसं झालं, सांगा" म्हणून तेच पुन्हा उकरतो. भगिनींनो, अशा घरी जाताना जेवण घेऊन जा, प्रश्न नेऊ नका. माता आयेशा (रजि.) आजारी व शोकग्रस्त माणसासाठी तल्बीना, म्हणजे जवाच्या पिठाची पातळ लापशी करावयास सांगत. ती हृदयाला आराम देते, असे त्यांनी आदरणीय प्रेषितांकडून (स.) ऐकले होते.

झोपेचेही तसेच आहे. दिवसा शिकलेला दिलासा रात्रीच्या झोपेत पक्का होतो, असे संशोधक सांगतात. उहुदच्या युद्धात, इतक्या दुःखानंतर, अल्लाहने श्रद्धावंतांवर डुलकी उतरविली आणि कुरआन तिला अमन म्हणतो. हजरत अबू तल्हा (रजि.) यांच्या हातातून तलवार त्या डुलकीने पुन्हा पुन्हा गळून पडत होती. भेदरलेल्या माणसाला फज्रसाठी अवश्य उठवावे, पण रात्री बारापर्यंत मोबाईलवरचे हाणामारीचे व्हिडिओ पाहत बसलेल्या घरात त्याला झोप कोठून मिळणार?

आणि आता त्या दोन पट्ट्यांकडे येऊ.

पहिली पट्टी सर्ट्रालीनची होती. ती मानसोपचारतज्ज्ञांनी लिहून दिली होती. ती रोज घ्यावयाची असते, गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती नशा आणीत नाही. दुसरी अल्प्राझोलमची होती. ती त्यांच्या एका नातलगाने "झोप छान लागते" म्हणून आणून दिली होती. हे औषध चिठ्ठीविना विकण्यास कायद्याने मनाई आहे, तरी ते हातोहात फिरते, हे आपण सारे जाणतो. दोन्ही पट्ट्यांना लोक 'टेन्शनची गोळी' म्हणतात. परंतु दोघींचे काम एक नाही. दुसरी गोळी भीतीला त्या घटकेपुरती झोपविते आणि तिच्यासोबत शिकणाऱ्या मेंदूलाही सुस्त करते. ती घेऊन माणूस मशिदीत बसला, तर 'मशीद सुरक्षित आहे' हे तो शिकत नाही; 'गोळी होती म्हणून वाचलो' हे शिकतो. गोळी सुटली की भीती जशीच्या तशी उभी राहते. आघातानंतरच्या अशा आजारात ही औषधे देऊ नयेत, असे अनेक वैद्यकीय मार्गदर्शिका सांगतात. मद्याचे याहून वाईट आहे. ते दीर्घकाळ घेणाऱ्याच्या मेंदूची भीती शमविण्याची क्षमताच खालावते. कुरआनने मद्यात काही लाभ असल्याचे नाकारले नाही. लाभापेक्षा हानी मोठी आहे, असे सांगितले. भीती विसरण्यासाठी बाटलीकडे वळलेल्या तरुणाला हे वाक्य समजावून सांगता येते. शिव्या देऊन काही समजावता येत नाही.

काही औषधांची कहाणी अधिक बोधक आहे. सायक्लोसेरीन हे मूळचे क्षयरोगावरचे औषध. २००४ मध्ये अमेरिकेत उंचीची भीती असलेल्या लोकांना तेच औषध देऊन, आभासी काचेच्या लिफ्टमधून वर नेण्यात आले, आणि त्यांची भीती लवकर ओसरली. मोठा गाजावाजा झाला. पुढच्या अभ्यासांत हा लाभ कमी होत गेला, आणि एक गोष्ट ध्यानात आली. ज्याची भीती त्या सत्रात उतरली, त्याला औषधाने मदत केली. ज्याचे सत्र भीती चढलेली असतानाच संपले, त्याच्या बाबतीत औषध उलटही पडू शकते. औषध त्या घटकेला माणूस जे शिकेल तेच पक्के करते. काय शिकायचे हे ते ठरवीत नाही. दुसरे औषध प्रोप्रॅनोलॉल, हृदयविकार व रक्तदाबासाठीचे. २००९ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी ते देऊन भीतीची आठवण जागी केली. दुसऱ्या दिवशी त्या लोकांना घटना नीट आठवत होती, पण दचकणे गेले होते. नंतरच्या प्रयोगांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. तरी प्रश्न उभा राहिला, तो नीतीचा. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे आमच्या मशिदीतील स्फोटाच्या अवघा महिनाभर आधी, अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या जैवनीतिविषयक परिषदेने एका अहवालात हाच प्रश्न विचारला होता. भयंकर आठवणीची धार गोळीने बोथट केली, तर अन्याय तितका भयंकर वाटेनासा होईल काय? साक्षीदाराची साक्ष दुबळी होईल काय?

हा आक्षेप मला हलका वाटत नाही. साक्ष लपवू नका, लपविणाऱ्याचे हृदय पापी आहे, असे सूरह अल्-बकरा बजावते. ज्या शहरात गुन्हेगाराचे नाव अजून ठाऊक नाही, तेथे आठवण ही अमानत आहे. पण साक्षीसाठी घटना आठवणे आवश्यक असते. हात थरथरणे आवश्यक नसते. उलट जो थरथरतो, तो साक्षीलाच टाळतो. हजरत हम्जा (रजि.) यांना ठार करणारे वह्शी इस्लाम स्वीकारून आले, तेव्हा आदरणीय प्रेषितांनी (स.) तो स्वीकारला. मात्र तुमचा चेहरा माझ्या नजरेसमोर येणार नाही असे करता येईल काय, असे विचारले. क्षमा पूर्ण होती. जखमेची खूण मात्र जिवंत होती, आणि तिला सांभाळून घेण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. याच्या शेजारी प्रेषित यूसुफ (अ.) यांना ठेवून पाहा. आईवडील व भावांसमोर अल्लाहचे उपकार मोजताना ते तुरुंगातून सुटकेचा उल्लेख करतात, विहिरीचा करीत नाहीत. तफसीरकार म्हणतात, भावांना लाज वाटू नये म्हणून. विहीर ते विसरले नव्हते. तिचे नाव न घेता बोलता येण्याइतकी ती त्यांच्या ताब्यात आली होती.

कोणी मला हजरत उर्वा बिन जुबैर यांचे उदाहरण देईल. त्यांचा पाय कापावा लागला, तेव्हा गुंगीचे पेय घेण्यास त्यांनी नकार दिला, असे इतिहासग्रंथांत येते. ती त्यांची थोरवी आहे. परंतु त्यांनी ते स्वतःच्या पायासाठी ठरविले. दुसऱ्याच्या पायासाठी नव्हे. आमच्या फुकहांनी अवयव कापताना बधीर करणाऱ्या औषधाला मुभा दिली. आजार आहे तेथे उपचारही उतरविला आहे, असे आदरणीय प्रेषितांनी (स.) सांगितले, आणि त्यात शरीर व मन असा भेद केला नाही. हिजरी चौथ्या शतकात वारलेले अबू जैद अल्-बल्खी यांनी शरीराच्या व मनाच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिले. ज्या आवाजाला वा दृश्याला माणूस भितो, त्याच्याशी वारंवार गाठ घालून कान व डोळे सरावाचे करावेत, हा उपाय त्यांनी त्यातच सांगितला आहे. इमाम गजाली भयाला चाबूक म्हणतात. त्याने जनावर चालले पाहिजे. मार इतका नसावा की ते कोसळून बसेल.

म्हणून मी त्या गृहस्थांना सांगितले, की पहिली पट्टी घेणे उंट बांधण्यासारखे आहे. बांधून मग तवक्कुल करण्याचा आदेश हदीसमध्ये आहेच. दुसरी पट्टी घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा आणि ती कशी सोडायची ते विचारा; आपल्या मनाने एकदम बंद करू नका, त्यातही धोका असतो. ज्यांना डॉक्टर दूर पडतो, त्यांच्यासाठी शासनाची टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे मराठीत बोलता येते.

परंतु एवढ्याने माझे कर्तव्य संपत नव्हते. 'आता धोका नाही' ही शिकवण बसायची, तर धोका खरोखर नसला पाहिजे. दर सणाला अफवा उठत असेल, पोरे मशिदीच्या दारात मुद्दाम सायलेन्सर फाडत असतील, तर त्यांचा मेंदू न विसरण्यात चूक करीत नाही. प्रवासात एक सहाबी झोपले असता कोणी गंमतीने त्यांची दोरी ओढून घेतली आणि ते दचकून उठले. त्यावर आदरणीय प्रेषितांनी (स.) मुस्लिमाला घाबरविणे वैध नाही, असे सांगितले. नुसत्या दोरीवरून! आणि भय खरेच असेल तेव्हा? सूरह अन्-निसाने सलातुल-खौफ शिकविली. एक तुकडी नमाज पढेल, दुसरी पहारा देईल, मग जागा बदलतील. नमाज सोडली नाही आणि भय नाकारलेही नाही. त्याची वाटणी केली.

आम्ही तेवढेच केले. मशिदीच्या समितीतील दोन तरुण जुम्याला बाहेर फाटकाशी उभे राहू लागले, गाड्या लांब लावून घेऊ लागले. मुलांना समज दिली. ती मुले सर्व धर्मांची होती, आणि शेजारच्या दुकानदारांनीही आमच्याबरोबर त्यांना समजावले. चाचांना आम्ही आधी सोमवारी जुहरला, रिकाम्या मशिदीत, त्या जागी बसविले. मग गुरुवारी. त्यांच्या डॉक्टरांनी सुचविलेला तो क्रम होता. मी केवळ सोबत बसत असे. तीन आठवड्यांनंतर ते जुम्याला आले. दाराजवळ बसले. मी मिंबरवरून पाहत होतो. दोनदा उठून बाहेर गेले, दोनदा परत आले. मी त्या दिवशीचा खुत्बा लहान केला.